मृत्यूचे कारण कोण लिहितो?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९९९ साली अमली पदार्थ व औषधे यांच्या अतिसेवनाने सुमारे १७ हजार माणसे मरण पावली. २०२२ साली हाच आकडा १ लाख ७ हजारांच्या पुढे गेला. आणि त्यांपैकी सुमारे ८२ हजार मृत्यू अफूपासून काढलेल्या किंवा अफूसारखाच परिणाम करणाऱ्या द्रव्यांमुळे झाले, असे तेथील सरकारी नोंदी सांगतात. या द्रव्यांना एकत्रितपणे 'ओपिऑइड' म्हणतात. २०२४ साली एकूण आकडा सुमारे ८० हजारांपर्यंत खाली आला, याचे समाधान मानले गेले. व्हिएतनामच्या संबंध युद्धात अमेरिकेचे ५८ हजारांहून काही अधिक सैनिक पडले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या 'समाधाना'ची किंमत कळते.

या आकड्यांवर भाष्य करणारे पुष्कळ आहेत. कोणी त्यांत व्यसनाधीनांचा नैतिक अधःपात पाहतो, कोणी मेक्सिकोच्या सरहद्दीवरील तस्करी पाहतो, तर कोणी बंद पडलेल्या खाणी आणि कारखाने पाहतो. परंतु हे आकडे तयार कसे होतात, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. वस्तुतः यांतील प्रत्येक एककामागे एक मृतदेह आणि एक दाखला आहे. कोणीतरी त्या देहापाशी उभे राहून दाखल्यावरची एक ओळ भरली आहे. ती ओळ कोणी भरली, कोणत्या पुराव्यावर भरली आणि ती भरताना त्याच्यावर कोणाचे दडपण होते, यावर त्या आकड्याचा खरेखोटेपणा अवलंबून असतो. मृत्यूचे कारण ही निसर्गाने आयती हाती दिलेली वस्तू नाही. ती शोधावी लागते. शोधण्यास पैसा, विद्या आणि स्वातंत्र्य लागते. आणि या तिन्ही गोष्टींचे वाटप समाजात विषम असते. म्हणूनच हा केवळ वैद्यकाचा नव्हे, तर अर्थकारणाचा आणि राजकारणाचाही प्रश्न ठरतो.

दाखल्यावरची ओळ

अमेरिकेत संशयास्पद मृत्यूच्या दाखल्यावर दोन गोष्टी निराळ्या लिहाव्या लागतात. पहिली मृत्यूचे कारण, म्हणजे कोणत्या रोगाने, इजेने वा विषाने प्राण गेला ते. दुसरी मृत्यूचा प्रकार, म्हणजे नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, मनुष्यवध की अनिश्चित. हे दाखले पुढे राष्ट्रीय कार्यालयात जातात आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार त्यांना सांकेतिक क्रमांक मिळतात. दाखल्यावर 'हेरॉइन' असे स्पष्ट लिहिले असेल तर तो मृत्यू हेरॉइनच्या रकान्यात जातो. 'अनेक औषधांची विषबाधा' एवढेच लिहिले असेल, तर तो 'अनिर्दिष्ट औषधे' या रकान्यात पडतो आणि ओपिऑइडच्या हिशेबातून कायमचा गळतो. हेरॉइन हा शब्द जेथे लिहिलाच गेला नाही, तेथून तो कोणतेही संख्याशास्त्र परत आणू शकत नाही.

शिवाय रकानेही नेहमी पुरेसे बारीक नसतात. रुग्णालयात सौम्य वेदनाशामक म्हणून दिले जाणारे ट्रॅमाडॉल आणि हेरॉइनच्या सुमारे पन्नास पट तीव्र असलेले फेंटानिल, ही दोन्ही द्रव्ये 'इतर कृत्रिम मादक द्रव्ये' या एकाच क्रमांकाखाली येत आली आहेत. तेव्हा आकड्यांच्या तक्त्यावरून धोरण ठरविणाऱ्याने प्रथम तक्ता कसा भरला जातो ते पाहिले पाहिजे.

देह काय सांगतो, आणि काय सांगत नाही

ओपिऑइड द्रव्ये मेंदूतील श्वसनाचे नियंत्रण मंदावतात. श्वास हळूहळू उथळ होतो, विरळ होतो आणि थांबतो. शवविच्छेदनात अशा वेळी फुप्फुसे द्रवाने जड झालेली दिसतात, तोंडानाकापाशी फेस आढळतो, मूत्राशय भरलेले असते. पण यांतील एकही खूण केवळ ओपिऑइडचीच म्हणून सांगता येत नाही. हृदय बंद पडून मेलेल्याचीही फुप्फुसे जड होतात. सुरीने उघडलेला देह येथे निर्णायक साक्ष देत नाही. म्हणून रक्ताची रासायनिक तपासणी अपरिहार्य ठरते.

परंतु रक्तातील आकडाही स्वतःहून बोलत नाही. पहिली अडचण अशी की, मृत्यूनंतर द्रव्ये जागच्या जागी राहत नाहीत. यकृत, फुप्फुसे, जठर यांत साठलेले औषध आजूबाजूच्या रक्तात झिरपते आणि हृदयातून घेतलेल्या रक्तात त्याचे प्रमाण जिवंतपणीपेक्षा जास्त दिसू शकते. म्हणून जाणकार तज्ज्ञ मांडीच्या शिरेतून रक्त घेतो; घाईत असलेला अप्रशिक्षित माणूस ते मिळेल तेथून घेतो. दोघांच्या नमुन्यांवर प्रयोगशाळा तितक्याच प्रामाणिकपणे आकडा लिहून देते, आणि त्या दोन आकड्यांचा अर्थ मात्र भिन्न असतो.

दुसरी अडचण सवयीची. कर्करोगाच्या वेदनेसाठी वर्षभर मॉर्फिन घेणारा रुग्ण रक्तातील ज्या प्रमाणावर बोलतो-चालतो, त्याच प्रमाणाने प्रथमच औषध घेणारा मरू शकतो. सवय वाढते तशीच ती मोडतेही. तुरुंगातून सुटलेल्या माणसाने आत जाण्यापूर्वीचीच मात्रा पुन्हा घेतली तर ती त्याच्यासाठी आता प्राणघातक असते. वॉशिंग्टन राज्यातील सुटलेल्या कैद्यांचा जो अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला, त्यात सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अतिसेवनाने मरण्याचा धोका इतर रहिवाशांच्या १२९ पट आढळला. मृत माणूस गेल्या आठवड्यात कोठे होता, हे ज्याला ठाऊक नाही, त्याला रक्तातील आकडा वाचता येणार नाही. तात्पर्य, मृत्यूचे कारण प्रयोगशाळेत अर्धेच सापडते; उरलेले अर्धे मृताच्या खोलीत, औषधाच्या बाटल्यांत, शेजाऱ्यांच्या व डॉक्टरांच्या जबानीत सापडते.

तिसरी अडचण द्रव्यांच्या रूपांतराची. हेरॉइन शरीरात गेल्यावर काही मिनिटांतच एका मधल्या द्रव्यात आणि त्यानंतर मॉर्फिनमध्ये बदलते. ते मधले द्रव्य सापडले तरच हेरॉइन घेतल्याची खात्री होते. ते रक्तातून लवकर नाहीसे होते. मूत्रात व डोळ्यातील द्रवात मात्र काही काळ टिकते. तेथे तपासणी झाली नाही तर हेरॉइनचा बळी मॉर्फिनचा बळी म्हणून नोंदला जातो, आणि रस्त्यावरील विक्रेत्याचा गुन्हा औषधाच्या चिठ्ठीच्या खात्यात जमा होतो.

चौथी अडचण नव्या द्रव्यांची. अफूवर्गीय द्रव्ये ओळखण्याच्या जुन्या सोप्या चाचणीत फेंटानिल दिसत नाही. त्यासाठी वेगळी चाचणी मुद्दाम मागवावी लागते. पुढे हत्तीसारख्या जनावरांना बेशुद्ध करण्याचे कारफेंटानिल आले, त्यानंतर 'नायटाझीन' वर्गातील द्रव्ये आली. जे शोधले जात नाही ते सापडत नाही, आणि जे सापडत नाही ते दाखल्यावर येत नाही. चाचणी मागविण्याचा निर्णय ज्या कार्यालयाच्या हाती असतो, त्याला बहुधा अंदाजपत्रकाकडे पाहून तो घ्यावा लागतो.

निवडून आलेला कोरोनर

मग हे सर्व ठरविणारा अधिकारी कोण? अमेरिकेच्या अनेक राज्यांत तो डॉक्टरच असतो असे नाही. इंग्लंडमध्ये ११९४ साली 'कोरोनर' हे पद निर्माण झाले ते सत्यशोधनाकरिता नव्हे, तर राजाचे हितसंबंध राखण्याकरिता. आकस्मिक मृत्यूतून राजाच्या तिजोरीला जे येणे लागे ते बुडू नये, हे त्याचे मुख्य काम होते. हेच पद वसाहतकारांबरोबर अमेरिकेत गेले आणि तेथे जिल्ह्याजिल्ह्यांत निवडणुकीने भरले जाऊ लागले. आजही कित्येक ठिकाणी वयाने सज्ञान, स्थानिक रहिवासी आणि गंभीर गुन्ह्यात शिक्षा न झालेला, एवढ्या पात्रतेवर कोरोनर होता येते. कॅलिफोर्नियाच्या बहुसंख्य काउंट्यांत तर पोलीस खात्याचा प्रमुख शेरीफ हाच कोरोनर असतो.

याला पर्याय नव्हता असे नाही. मॅसॅच्युसेट्सने १८७७ साली कोरोनरऐवजी वैद्यकीय परीक्षक नेमण्यास सुरुवात केली. न्यूयॉर्क शहराने १९१८ साली तेच केले. तेथील पहिले मुख्य परीक्षक चार्ल्स नॉरिस आणि त्यांचे विषतज्ज्ञ अलेक्झांडर गेट्लर यांनी विषबाधेच्या तपासाचे शास्त्र उभे केले. १९२८ साली राष्ट्रीय संशोधन परिषदेने कोरोनर हे पदच रद्द करावे अशी शिफारस केली. २००९ साली राष्ट्रीय विज्ञान अकादमीने जवळजवळ तीच शिफारस पुन्हा केली. मधल्या ८१ वर्षांत अमेरिकेने चंद्रावर माणूस उतरवला, पण बऱ्याच जिल्ह्यांत मृतदेहापाशी डॉक्टर उभा करणे तिला जमले नाही.

येथे असा युक्तिवाद होऊ शकतो की निवडणूक हा लोकशाहीचा मार्ग आहे. नेमलेल्या तज्ज्ञापेक्षा निवडून आलेला सामान्य माणूस लोकांना अधिक जबाबदार नसेल काय? समाजवादी विचाराच्या वाचकाला हा युक्तिवाद सहज झटकून टाकता येणार नाही. परंतु लोकशाहीने ठरवावयाचे असते ते तपासाची यंत्रणा कशी असावी, तिला पैसा किती द्यावा आणि तिचे अहवाल कोणासमोर ठेवावेत हे. एखाद्या माणसाच्या रक्तात काय होते, हे मतदानाने ठरत नसते. पुढच्या निवडणुकीत ज्या कुटुंबाची मते हवी आहेत, त्या कुटुंबातील मुलाच्या दाखल्यावर हेरॉइन लिहिण्याचे धैर्य प्रत्येक कोरोनरजवळ असेलच, अशी अपेक्षा करणे मनुष्यस्वभावाला धरून नाही.

तज्ज्ञांची स्थितीही समाधानकारक नाही. तेहतीस कोटींहून अधिक वस्तीच्या त्या देशात पूर्ण वेळ काम करणारे प्रशिक्षित न्यायवैद्यक तज्ज्ञ सुमारे पाचशे आहेत. त्यांचा सरकारी पगार खासगी रुग्णालयातील रोगनिदान तज्ज्ञाच्या पगारापेक्षा कमी असतो, त्यामुळे नवे तरुण येत नाहीत. एका तज्ज्ञाने वर्षात ३२५ पेक्षा अधिक शवविच्छेदने करू नयेत, अशी त्यांच्या संघटनेची मर्यादा आहे. साथीच्या ऐन भरात अनेक कार्यालयांना ती पाळता आली नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर मृत्यूच्या कारणाविषयीचे सत्य ही सार्वजनिक वस्तू आहे. मृत माणूस तिची किंमत देऊ शकत नाही. कुटुंबाला कित्येकदा लोकलज्जेमुळे ती नको असते. ज्या कंपनीवर ठपका येईल तिला तर ती मुळीच नको असते. बाजारात तिला गिऱ्हाईक नाही. म्हणून ती राज्यसंस्थेने पुरवली नाही, तर ती निर्माणच होत नाही.

जे मोजले गेले नाहीत

या उणिवेचे मोजमाप अर्थशास्त्रज्ञांनीच केले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. २०१४ सालच्या अमेरिकन दाखल्यांत अतिसेवनाच्या सुमारे एक पंचमांश मृत्यूंत कोणते द्रव्य हे लिहिलेच नव्हते. व्हर्जिनिया विद्यापीठाचे ख्रिस्तोफर रूम यांनी पूर्ण भरलेल्या दाखल्यांवरून अपुऱ्या दाखल्यांतील मृत्यूंचा अंदाज बांधला, तेव्हा त्या वर्षीचा ओपिऑइड मृत्यूंचा खरा दर नोंदलेल्या दरापेक्षा २४ टक्क्यांनी जास्त असावा, असे त्यांना दिसले. त्यानंतर रॉचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी १९९९ ते २०१६ या काळाचा हिशेब केला आणि सुमारे ९९ हजार ओपिऑइड मृत्यू नोंदीतून निसटले असल्याचा निष्कर्ष २०२० साली मांडला. अलाबामा, मिसिसिपी, इंडियाना, लुइझियाना, पेनसिल्व्हेनिया या राज्यांत सुधारलेला अंदाज मूळ नोंदीच्या दुपटीहून अधिक निघाला.

जवळजवळ एक लाख माणसे! ती मेली हे माहीत होते, औषधाने मेली हेही माहीत होते, पण कोणत्या औषधाने हे कोणी लिहिले नाही. जेथे रोग सर्वांत तीव्र तेथे तो नकाशावर फिकट दिसला. नकाशा पाहून निधी वाटणाऱ्यांनी उपचार केंद्रे आणि नॅलॉक्सोन हा उतारा अन्यत्र पाठवला असल्यास त्यांना दोष कसा द्यावा?

संदिग्धतेचा लाभ कोणाला?

दाखल्यावरील संदिग्धता निरुपद्रवी नसते. तिचा लाभ उठवणारे असतात. पर्ड्यू फार्मा या कंपनीने १९९६ साली ऑक्सिकॉन्टिन ही गोळी बाजारात आणली. ऑक्सिकोडोन हे ओपिऑइड तीत बारा तास हळूहळू सुटावे, अशी तिची रचना होती. व्यसन लागण्याचा धोका त्यामुळे कमी, असा कंपनीच्या विक्रेत्यांचा प्रचार होता. काही वर्षांतच अॅपेलेशियन डोंगराळ भागातील खाणकामगारांच्या वस्त्यांतून मृत्यूंच्या बातम्या येऊ लागल्या. केंद्र सरकारच्या अमली पदार्थ नियंत्रण खात्याने देशभरातील परीक्षकांकडून अहवाल मागवले. ऑक्सिकोडोन आढळलेल्या ९४९ मृत्यूंपैकी १४६ मृत्यूंत ऑक्सिकॉन्टिनचा संबंध खात्रीने, तर आणखी ३१८ मृत्यूंत बहुधा असावा, असा त्या खात्याचा निष्कर्ष होता.

कंपनीचे उत्तर वैद्यकीय नियतकालिकातून आले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका लेखात, ज्याच्या लेखकांत कंपनीच्या पदरचे डॉक्टरही होते, अशा हजारभर मृत्यूंची छाननी करण्यात आली. औषधाच्या गैरवापराचे म्हणून निवडलेल्या ९१९ मृत्यूंपैकी केवळ ३० मृत्यूंत ऑक्सिकोडोन एकटे सापडले, आणि त्यांतही ऑक्सिकॉन्टिन ओळखता आले ते १२ मृत्यूंत. उरलेल्यांच्या रक्तात मद्य, झोपेची औषधे, कोकेन असे दुसरे काही ना काही होतेच. आकडे खोटे होते असे म्हणण्याचे कारण नाही. पण त्यांचा अर्थ काय होतो ते पाहावे. चारशेंहून अधिक मृत्यूंची जबाबदारी पाहता पाहता डझनावर आली. आणि मृत माणूस हा गोळीचा बळी न राहता वाटेल ते खाणारा व्यसनी ठरला.

यातील हेत्वाभास अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ओळखीचा आहे. उत्पादन श्रम, यंत्र आणि कच्चा माल यांच्या संयोगाने होते. त्यातील एकटा श्रम काहीच निर्माण करीत नाही, म्हणून मजुराचा वाटा शून्य, असे म्हणण्यासारखेच हे झाले. श्वास थांबवण्यास मद्य, झोपेची गोळी आणि ओपिऑइड ही तिन्ही एकत्र कारणीभूत झाली असतील, तर तिन्ही दाखल्यावर आली पाहिजेत. आणि प्रत्येकाविषयी एकच प्रश्न विचारला पाहिजे, की हे नसते तर माणूस वाचला असता काय?

हाच प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २०१४ साली आला, पण तेथे आरोपी हेरॉइन विकणारा एक किरकोळ विक्रेता होता. मृताच्या शरीरात अनेक द्रव्ये होती. हेरॉइन नसते तर तो जगला असता काय, हे तज्ज्ञांना सांगता आले नव्हते. केवळ हातभार लावला म्हणून मृत्यूस कारण झाल्याची वीस वर्षांची किमान सजा देता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. निर्णय न्याय्यच होता. परंतु त्या किरकोळ विक्रेत्याला हा संशयाचा फायदा मिळवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. कंपनीला तो अपुऱ्या दाखल्यांनी घरबसल्या मिळवून दिला. २००७ साली पर्ड्यूशी संलग्न कंपनीने आणि तिच्या तीन अधिकाऱ्यांनी औषधाविषयी दिशाभूल केल्याचा गुन्हा कबूल केला, सुमारे ६३ कोटी डॉलर भरले, आणि तिघांपैकी कोणीही तुरुंगात गेला नाही. २०२० साली पर्ड्यूने पुन्हा गुन्हे कबूल केले.

मोजल्याने काय होते

मेलेल्याचे कारण शोधून उपयोग काय, तो पैसा जिवंतांवर खर्च करावा, असे म्हणणारे व्यवहारी लोक सर्वत्र असतात. त्यांनी वेस्ट व्हर्जिनियाकडे पाहावे. हे राज्य गरीब आहे. पण तेथे संबंध राज्यासाठी एकच वैद्यकीय परीक्षक कार्यालय आहे. २०१६ साली चार्ल्सटनच्या 'गॅझेट-मेल' या दैनिकाचे वार्ताहर एरिक आयर यांनी दोन आकडे शेजारी शेजारी छापले. सहा वर्षांत औषध वितरकांनी त्या छोट्या राज्यात दोन प्रकारच्या ओपिऑइड गोळ्या ७८ कोटी धाडल्या; आणि त्याच काळात त्याच दोन औषधांच्या अतिसेवनाने तेथील १,७२८ माणसे मेली. सुमारे चारशे वस्तीच्या कर्मिट या गावातील एका दुकानात दोन वर्षांत जवळजवळ ९० लाख गोळ्या उतरल्या होत्या. आयर यांना २०१७ सालचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. पण पहिल्या आकड्याला अर्थ दुसऱ्याने दिला. आणि दुसरा आकडा अस्तित्वात होता याचे श्रेय दाखल्यांवर औषधाचे नाव लिहिणाऱ्या सरकारी नोकरांना आहे.

पुढे राज्यांनी व शहरांनी औषध कंपन्या, वितरक आणि दुकानदार यांच्यावर दावे लावले आणि एकूण ५० अब्ज डॉलरहून अधिक भरपाईचे करार झाले. त्यांतील मोठ्या करारात प्रत्येक राज्याचा वाटा ठरवताना तेथे गेलेल्या गोळ्या, तेथील व्यसनग्रस्त आणि तेथील मृत्यू यांचा हिशेब धरला गेला. म्हणजे ज्या जिल्ह्याने दाखला अर्धवट भरला, त्याने आपल्याच विधवा व अनाथांच्या हक्काच्या पैशावर पाणी सोडले. शवविच्छेदनावरील खर्च वाचवणे किती महाग पडते, हे यावरून दिसते.

याला दुसरी बाजू आहे

येथवरच्या विवेचनावरून कोणाला असे वाटेल की, जितके अधिक मृत्यू अतिसेवनाचे म्हणून नोंदले जातील तितके सत्य जवळ येईल. तसे नाही. एका ठिकाणी जो शब्द दडवला जातो, तोच दुसऱ्या ठिकाणी ढाल म्हणून पुढे केला जातो.

२५ मे २०२० रोजी मिनिआपोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड हा कृष्णवर्णीय इसम पोलिसाच्या गुडघ्याखाली नऊ मिनिटांहून अधिक काळ दाबला जाऊन मेला. त्याच्या रक्तात फेंटानिल सापडले. त्याचे प्रमाण असे होते की, तोच माणूस एकटा घरात मृत आढळला असता तर अतिसेवन हे कारण लिहिले गेले असते, हे काउंटीच्या वैद्यकीय परीक्षकानेही मान्य केले. पोलिसाच्या वकिलांनी हाच मुद्दा धरला. परंतु तो एकटा घरात मेला नव्हता. श्वसनतज्ज्ञ डॉ. मार्टिन टोबिन यांनी चित्रफितीवरून त्याचे श्वास मोजून दाखवले. फेंटानिलने श्वास मंदावतो. फ्लॉइडचा श्वास बेशुद्ध होण्यापूर्वी मिनिटाला २२ होता. वैद्यकीय परीक्षकाने मनुष्यवध हीच नोंद कायम ठेवली आणि ज्यूरीने २०२१ साली पोलिसाला दोषी ठरवले. रक्तातील आकडा परिस्थितीपासून तोडून वाचला की तो कसा खोटी साक्ष देतो, याचे हे जगाने पाहिलेले उदाहरण आहे.

त्या खटल्यात पोलिसाच्या बाजूने साक्ष देणाऱ्यांत मेरीलँड राज्याचे माजी मुख्य वैद्यकीय परीक्षक होते. मृत्यूचा प्रकार 'अनिश्चित' लिहावा, असे त्यांचे मत पडले. त्यावर शेकडो डॉक्टरांनी हरकत घेतली आणि त्यांच्या कारकिर्दीत पोलिसांच्या बळप्रयोगाखाली झालेल्या मृत्यूंची फेरतपासणी सुरू झाली. मे २०२५ मध्ये तिचा अहवाल आला. तपासलेल्या ८७ मृत्यूंपैकी ३६ मृत्यू मनुष्यवधाचे होते, यावर फेरतपासणी करणाऱ्या तज्ज्ञांचे एकमत झाले. मूळ कार्यालयाने ते अनिश्चित, अपघाती किंवा नैसर्गिक म्हणून मिटवले होते.

मेरीलँडमध्ये कोरोनर नाही. तेथे जुने आणि नावाजलेले वैद्यकीय परीक्षक कार्यालय आहे. तेव्हा केवळ पदवी पुरेशी नाही. पोलीस, सरकारी वकील, औषध कंपनी आणि स्थानिक पुढारी या सर्वांपासून स्वतंत्र असलेली, आणि जिचे निष्कर्ष बाहेरच्या तज्ज्ञांना तपासता येतात अशी यंत्रणा हवी. सत्तावान जेथे आरोपी असतो तेथे मृताचे व्यसन ठळक होते, आणि धनवान जेथे आरोपी असतो तेथे औषधाचे नाव पुसट होते. दोन्हीकडे मृत माणूसच आपल्या मृत्यूचा अपराधी ठरतो.

आपल्याकडील शांतता

भारतीय वाचकाने हे सारे परक्या घरचे म्हणून वाचू नये. १८७१ च्या कायद्याने मुंबई व कलकत्ता या शहरांत कोरोनर होता. मुंबईतील ते पद १९९९ साली रद्द झाले. त्याच्या जागी स्वतंत्र वैद्यकीय परीक्षक आला नाही. उर्वरित देशाप्रमाणे पोलिसांचा पंचनामा आला. आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेखालीही संशयास्पद मृत्यूचा प्राथमिक तपास पोलीस अधिकाऱ्याकडेच आहे. डॉक्टर देह उघडतो, पण घटनास्थळी तो सहसा जात नाही. 'व्हिसेरा राखून ठेवला' या शब्दांवर किती प्रकरणे वर्षानुवर्षे थांबून राहतात, हे कोणत्याही जिल्हा न्यायालयातील वकील सांगू शकेल.

केंद्र सरकारने करवलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात ओपिऑइड घेणारे सुमारे २ कोटी २६ लाख असून, त्यांपैकी सुमारे ७७ लाखांचे सेवन अपायकारक किंवा व्यसनाच्या पातळीचे आहे. आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत २०१९ ते २०२२ या प्रत्येक वर्षी अमली पदार्थांच्या अतिसेवनाने झालेले मृत्यू हजाराच्या आत आहेत. हे दोन आकडे शेजारी ठेवले की आपले व्यसनी अमर आहेत असे तरी मानावे लागेल, किंवा आपण मोजत नाही असे तरी. २०२० साली नोंदलेल्या एकूण मृत्यूंपैकी अवघ्या २२.५ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरने प्रमाणित केले होते, हे लक्षात घेता दुसरा पर्यायच खरा आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईतील एका औषध कंपनीच्या टॅपेंटॅडॉल व कॅरिसोप्रोडॉल यांच्या मिश्र गोळ्या पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी जात असल्याचे बीबीसीने उघडकीस आणले, आणि केंद्र सरकारने त्या मिश्रणाच्या निर्यातीचे परवाने मागे घेतले. टॅपेंटॅडॉल हेही एक ओपिऑइडच आहे. त्या गोळ्या खाऊन घाना किंवा आयव्हरी कोस्टमधील रस्त्यावर जो तरुण मरतो, त्याच्या दाखल्यावर काय लिहिले जाते? तो दाखला निघतो तरी का? परवाने मागे घेतल्याने निर्यात थांबेल, पण झालेल्या मृत्यूंचा हिशेब त्यामुळे लागत नाही.

कर्तव्ये स्पष्ट आहेत. प्रत्येक संशयास्पद मृत्यूत विषतपासणी व्हावी आणि सापडलेल्या प्रत्येक कारणीभूत द्रव्याचे नाव दाखल्यावर यावे. तपास करणारा डॉक्टर पोलिसांच्या आणि स्थानिक सत्तेच्या हाताखाली नसावा. कोठडीतील मृत्यूचा निष्कर्ष दुसऱ्या, बाहेरच्या तज्ज्ञाने तपासावा. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर न्यायवैद्यक प्रयोगशाळांतील रिक्त जागा भराव्यात आणि व्हिसेराच्या अहवालास मुदत असावी. यासाठी लागणारा पैसा कोणत्याही राज्याच्या अंदाजपत्रकात मोठा ठरणार नाही.

मरणानंतर माणसाला राज्याकडून मागण्यासारखे फार थोडे उरते. आपण कशाने मेलो हे खरे लिहिले जावे, एवढे तरी त्याला मिळाले पाहिजे. कारण त्या एका ओळीवरच त्याच्यामागून त्याच वाटेने जाणाऱ्यांचे प्राण वाचणे अवलंबून असते.